विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ आणि हेलियमची गोष्ट

ऑगस्ट महिना उजाडला की आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर दरवर्षी थोडाफार तोच असतो. हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं. सर नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर ओटे बांधून त्यावर दुर्बिणी लावल्या आणि सूर्यात हेलियम शोधला. ते ओटे आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवले जातात. खाली किल्ल्याचा फोटो आणि ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’.

विद्यार्थी मित्रांनो, या मेसेजची एक गंमत आहे. त्यातली वाक्यं सुटी सुटी करून तपासली, तर बरीचशी खरी निघतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, खरं आहे. त्याची सावली विजयदुर्गावरून गेली, खरं आहे. लॉकियर या माणसाचं नाव हेलियमशी कायमचं जोडलेलं आहे, खरं आहे. तो विजयदुर्गाला आला होता, हेही खरं आहे. ही सगळी एकाच दिवसाच्या दोरीला बांधली, की मात्र गाठ सुटते. ती गाठ सोडवून पाहण्यासाठीच आजचा पाठ.

आधी जागा नीट समजून घेऊ. विजयदुर्ग देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी आहे. मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला उतरलं की तिथून एस.टी. किल्ल्याच्या पायथ्याशी आणून सोडते. जुनं नाव घेरिया. शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळापासून त्याचा इतिहास सांगतात; पुढे शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं, १७५६ साली इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो घेतला, आणि १८१८ नंतर तो कायमचा ब्रिटिशांकडे गेला. तटबंदी, खलबतखाना, पाण्याखालची भिंत यांवर बरंच लिहिलेलं आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. सहलीला गेलेली मुलं सगळ्यात कमी वेळ जिथे थांबतात, ते म्हणजे हे ओटे. दिसायला काहीच नाही हो त्यात. बसायला बांधल्यासारखे चौथरे. पण आपली गोष्ट तिथेच आहे.

आता १८६८ ची तारीख घेऊ.

सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं, हे आपण सहावी-सातवीतच शिकतो. १८ ऑगस्ट १८६८, मंगळवार. पंचांगाचा हिशोब केला तर तो दिवस श्रावणातल्या अमावास्येचा, म्हणजे पिठोरीचा येतो. पुढे चार दिवसांवर गणपती. आता तुम्ही मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची मुलं. मला सांगा, पिठोरीच्या सकाळी आपल्याकडे आभाळ कसं असतं? पुस्तक उघडायची गरजच नाही. समुद्र खवळलेला, होड्या अजून किनाऱ्यावर शाकारलेल्या, आणि सरीवर सर. युरोपातून हजारो मैल प्रवास करून, पेटारे भरून यंत्रं घेऊन येणारा शहाणा माणूस सूर्य बघायला अशा दिवशी कोकण किनारा निवडेल का?

त्या वेळच्या शास्त्रज्ञांनीही तो निवडला नाही. सावलीचा पट्टा अरबस्तानाकडून समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येत होता आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमवरून पुढे सयामकडे जात होता. नैऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर घाटाच्या अलीकडे जास्त आणि पलीकडे कमी, हे तेव्हाच्या लोकांना पक्कं माहीत होतं. म्हणून बहुतेक मंडळी पूर्वेकडे गेली. फ्रान्सचे ज्यूल जॅन्सन आणि ब्रिटिश लष्करातले मेजर टेनंट गुंटूरला. मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मछलीपट्टणमला. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. आपल्या बाजूला सगळ्यात जवळ आले ते लेफ्टनंट जॉन हर्शेल, प्रसिद्ध हर्शेल घराण्यातले. ते होते जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. आणि विजापूरला कॅप्टन हेग. घाटाच्या पलीकडे असूनही या दोघांना ढगांनी सतावलंच. फटीतून जेवढा सूर्य दिसला तेवढ्यावर त्यांनी काम भागवलं.

आणि लॉकियर? लॉकियर लंडनमध्ये होता. वय ३२, नोकरी युद्धखात्यात कारकुनाची, आणि छंद सूर्याचा. (‘सर’ ही पदवी त्याला १८९७ साली मिळाली. १८६८ च्या गोष्टीत त्याला ‘सर’ म्हटलेलं दिसलं, तर तो धागाही लक्षात ठेवा.) ग्रहण बघायला तो भारतात आलाच नव्हता. त्याचं म्हणणं असं होतं की सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा बघायला ग्रहणाची वाट बघायलाच नको. चांगलं वर्णपटदर्शक यंत्र असेल तर त्या रोज दिसतील. यंत्र मागवलेलं होतं, पण बनवायला उशीर होत होता. ते ऑक्टोबरात हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने खरोखरच ग्रहणाशिवाय त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या.

वर्णपट म्हणजे काय, ते इथे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

घरी कधी भाताची पेज किंवा आमटी उतू जाऊन गॅसवर पडलेली पाहिलीत? निळी ज्योत क्षणभर झकास पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. कोणताही पदार्थ वायुरूपात तापला की आपापल्या ठरावीक रंगांचा प्रकाश देतो, आणि त्या रंगांत एका मूलद्रव्याचा दुसऱ्याशी घोटाळा होत नाही. आपल्या बोटाचे ठसे जसे. प्रकाश लोलकातून नेला की ते रंग बारीक रेषांसारखे वेगळे होतात. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी शेजारी शेजारी असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला. शास्त्रज्ञ त्यांना अनुक्रमे डी-२ आणि डी-१ म्हणत.

१८ ऑगस्टला गुंटूर, जमखंडी, मछलीपट्टणम आणि सयामकडच्या निरीक्षकांनी ग्रहण लागल्यावर सूर्याच्या ज्वाळांकडे यंत्र रोखलं, तेव्हा त्यांना इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता सुट्या, चकचकीत रेषा दिसल्या. त्यावरून एक गोष्ट पक्की झाली की या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे, आणि त्यात हायड्रोजन भरपूर आहे. त्या दिवसाचा खरा मोठा शोध हाच. पिवळ्या भागात एक रेषा होती, ती बहुतेकांनी सोडियमचीच समजली. जॅन्सन रेषांच्या तेजाने इतका चकित झाला की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरलाच त्याने त्या पाहून दाखवल्या. म्हणजे लॉकियरने जे लंडनमध्ये दोन महिन्यांनी केलं, ते जॅन्सनने आधी केलं होतं. फक्त त्याचं पत्र जहाजाने पॅरिसला पोचायला वेळ लागला. योगायोग बघा, जॅन्सनचं पत्र आणि लॉकियरचं वृत्त, दोन्ही पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. फ्रेंच सरकारने नंतर दोघांचे चेहरे एकत्र असलेलं पदक काढलं. भांडण न होता असं श्रेय वाटून घेतल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत.

(या जॅन्सनबद्दल एक आणखी. १८७० च्या डिसेंबरात पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडलेला असताना हा गृहस्थ अल्जेरियातलं ग्रहण गाठायला चक्क बलूनमधून शहराबाहेर पडला. तिथे पोचला, आणि ग्रहणाच्या वेळी आभाळ भरून आलं.)

लॉकियरचं वेगळेपण पुढच्या पायरीवर आहे. त्या पिवळ्या रेषेची जागा त्याने काटेकोर मोजली. ती सोडियमच्या जोडीवर बसत नव्हती. थोडी बाजूला, साधारण ५८७.६ नॅनोमीटरला होती. तिला डी-३ नाव पडलं. प्रयोगशाळेत कुठलाही पदार्थ तापवला तरी ही रेषा मिळेना. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याच्याबरोबर बराच काळ प्रयोग केल्यावर लॉकियरने विचार मांडला की सूर्यात असं एक मूलद्रव्य आहे जे पृथ्वीवर अजून कुणाला सापडलेलं नाही. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिऑस, त्यावरून हेलियम. नावाच्या शेवटी ‘-इयम’ का, हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे धातू आहेत, आणि हेलियमही धातूच असेल असं तेव्हा वाटलं होतं. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन या त्याच्या भावंडांना ‘-ऑन’ आहे. फक्त याचं नाव चुकीच्या घरातलं राहून गेलं.

पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं बऱ्याच लोकांनी हेलियमला फारसं गंभीरपणे घेतलं नाही. मग मार्च १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करून त्यातून निघणारा वायू तपासत होता. त्याला अरगॉन हवा होता. यंत्रात दिसली ती एक पिवळी रेषा, सोडियमच्या शेजारची. नमुना विल्यम क्रूक्सकडे गेला, लॉकियरकडेही गेला. तीच डी-३! सूर्यावर नाव ठेवलेलं मूल पृथ्वीवर सापडलं. लॉकियर तेव्हा ५८ वर्षांचा होता. या १८९५ सालावर बोट ठेवा, पुढे ते लागणार आहे.

आता हे सगळं वर्गात सांगून झालं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी आठवीतली एक मुलगी १८ ऑगस्टच्या भाषणाची तयारी करत होती. वहीत वरच्या मेसेजमधलाच मजकूर सुंदर अक्षरात उतरवलेला. मी हे सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. म्हणाली, “सर, म्हणजे तो सायब हंय इलोच नाय?”

मी म्हटलं, “इलो गो. पण तीस वर्सांनी.”

आणि गोष्टीचा खरा रंगतदार भाग इथे सुरू होतो.

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौषातली अमावास्या. पुन्हा खग्रास सूर्यग्रहण. या वेळी सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून ईशान्येकडे, सोलापूरकडचा भाग, वऱ्हाड आणि मध्य प्रांतावरून पुढे बिहारकडे जाणार होता. जानेवारी महिना. आभाळ निरभ्र, समुद्र शांत, कलमांना मोहोर. या वेळी मात्र किनाऱ्यावरची जागा अगदी उत्तम होती, आणि इंग्लंडहून आलेल्या लॉकियरच्या मोहिमेने ठाणं म्हणून विजयदुर्ग निवडला. इंग्रजी कागदांत त्याचं स्पेलिंग वेगळंच दिसतं, उच्चार साधारण ‘व्हिझियाद्रुग’. शोधताना मराठी नाव टाकून सापडत नाही, त्याचं एक कारण हेही असावं.

लॉकियर आता युद्धखात्यातला कारकून राहिला नव्हता. ‘नेचर’ हे आज जगभर वाचलं जाणारं विज्ञानाचं साप्ताहिक त्याने १८६९ साली सुरू केलं होतं आणि तोच त्याचा संपादक होता. नुकताच ‘सर’ झाला होता, वय ६१. दीड वर्षापूर्वी, ऑगस्ट १८९६ मध्ये, तो नॉर्वेच्या टोकाला मोठी तयारी करून ग्रहणाला गेला होता आणि ढगांनी सगळं पाण्यात गेलं होतं. म्हणून विजयदुर्गला येताना त्याच्या मनात काय धाकधूक असेल, विचार करा. ब्रिटिश आरमाराचं ‘मेलपोमिनी’ हे जहाज त्याच्या मदतीला होतं. जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी हेच त्याचे मदतनीस. त्यांना गटागटांत वाटून काम शिकवलं होतं. कुणी दुर्बिणीजवळ, कुणी कॅमेऱ्याच्या काचा बदलायला, कुणी सूर्याच्या प्रभामंडलाचं हाताने चित्र काढायला.

या मोहिमेचं वर्णन वाचताना मला सगळ्यात भारी वाटते ती ही रंगीत तालीम. खग्रास अवस्था विजयदुर्गावर दोन मिनिटांच्या आसपास टिकणार होती. दोन मिनिटं! आपल्या वर्गात हजेरी घ्यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात काचा बसवायच्या, उघडायच्या, बंद करायच्या, पुढची घ्यायची, तीही अंधारात आणि कुणाचा धक्का न लागू देता. चुकलं तर पुढची संधी काही वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्याच कोपऱ्यात. म्हणून अशा मोहिमांत आधी दिवसच्या दिवस सराव चालायचा.

ओटे कशाला लागत, हेही यातच कळतं. अशा कामात लांबलचक कॅमेरा सूर्यामागे फिरवणं अवघड. म्हणून तो आडवा, पक्का बसवायचा, आणि घड्याळाच्या यंत्रावर हळूहळू फिरणारा आरसा सूर्याचा प्रकाश सतत त्याच्यात टाकत राहायचा. आरसा केसभर हलला तरी फोटो बिघडला. आपली लाल माती आणि वाळू अशा कामाला भरवशाची नाही. पावलांनीसुद्धा ती दबते. मग बांधीव चौथरा हवाच. किल्ल्यावरचे ओटे कुणाचे, या प्रश्नाला १८९८ हे उत्तर जितकं नीट बसतं तितकं दुसरं कोणतंच बसत नाही.

कॅमेरेही साधे नव्हते. भिंगाच्या पुढे लोलक लावलेले होते. खग्रास होण्याच्या क्षणी सूर्याची उरलेली कड चंद्रकोरीसारखी बारीक होते, आणि लोलकातून तिची प्रत्येक रंगात एकेक वेगळी कोर उमटते. काचेवर बांगड्यांच्या तुकड्यांची रांग लावल्यासारखं चित्र दिसतं. एकेक तुकडा म्हणजे सूर्याच्या वातावरणातलं एकेक मूलद्रव्य. हायड्रोजनच्या कोरी, कॅल्शियमच्या कोरी, आणि हेलियमच्याही. ज्याला त्याने तरुणपणी नाव दिलं आणि जे आता पृथ्वीवर सापडलंही होतं, त्या वायूच्या खुणा असलेल्या काचा लॉकियरने विजयदुर्गहून नेल्या. आभाळाने या वेळी दगा दिला नाही. या निरीक्षणांचा मोठा वृत्तांत पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला, आणि त्याच्या शीर्षकातच आपल्या किल्ल्याचं नाव आहे.

याच ग्रहणाचं आणखी एक फळ आहे आणि त्याचा उल्लेख कुणी करत नाही. सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसते. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळत नव्हती, म्हणून लोकांनी ‘कोरोनियम’ नावाचं आणखी एक नवं मूलद्रव्य कल्पलं. हेलियमचा अनुभव ताजा होता ना! १८९८ च्या भारतातल्या फोटोंवरून त्या हिरव्या रेषेची जागा नीट मोजली गेली. आधी मानत होते त्यापेक्षा ती वेगळी, ५३० नॅनोमीटरच्या जवळ निघाली. आणि पुढे चार दशकांनी कोडं सुटलं. कोरोनियम वगैरे काही नव्हतंच. ते होतं आपलं साधं लोखंड, पण प्रभामंडलाच्या दहा लाख अंशांच्या उष्णतेत तेरा इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं. एका रेषेमागे नवं मूलद्रव्य निघालं, दुसऱ्या रेषेमागे जुनंच. पुरावा एकाच प्रकारचा, पण निकाल उलटे. दहावीच्या मुलांनी यावर जरूर वाद घालावा.

इथे आपल्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं लावून बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा तेच चालवत. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. नायगमवालांनी या ग्रहणाचा स्वतंत्र अहवाल लिहिला. लॉकियर आपल्या पोरांना पाठ आहे. नायगमवाला हे नाव मी विचारलं तर वर्ग गप्प.

मुंबईत त्या वर्षांत प्लेग चालू होता, माणसं भीतीने गावाकडे येत होती. अशात किल्ल्याखालच्या बंदरात आरमाराचं जहाज उभं आहे, गोरे लोक चौथरे बांधून आरसे लावतायत, आणि भर दिवसा अंधार होणार म्हणतायत. गावातल्या घरांत ग्रहणाचे वेध पाळलेले, पाण्यावर आणि पिठामिठावर तुळशीपत्र ठेवलेलं, गरोदर बायका आतल्या खोलीत, ग्रहण सुटल्यावर आंघोळ आणि दान. एकाच तटबंदीच्या आतबाहेर एकाच सूर्याकडे बघण्याच्या दोन रीती. त्या गावकऱ्यांनी लिहून ठेवलेलं काही मिळालं असतं तर काय मजा आली असती. आपल्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की ओट्यांना नाव पडलं साहेबाचं.

मग १८९८ चं १८६८ कसं झालं?

मला जे वाटतं ते सांगतो, ते तपासून घ्या. लॉकियर विजयदुर्गला आला तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याची ओळख तेव्हा कशी करून दिली गेली असेल? ‘ग्रहणातून हेलियम शोधला तो हा साहेब.’ ऐकणाऱ्याला इथे समोर ग्रहण दिसतंय, समोर साहेब दिसतोय, ओटे दिसतायत. हेलियम इथेच सापडला असं वाटायला आणखी काय हवं? पुढे कुणीतरी पुस्तकात हेलियमची तारीख बघितली, तर तिथे १८ ऑगस्ट १८६८ आणि ‘भारतात’ असं दिसलं. झालं, दोन टोकं जुळली. पुस्तकातलं ‘भारतात’ म्हणजे गुंटूर होतं, पण ते कोण बघतो.

त्यात गुंता वाढवायला आणखी एक प्रवास आहे. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर भारतात आला होता, आणि त्याने ठाणं निवडलं होतं केरळच्या उत्तरेचा बेकल किल्ला. तोही पश्चिम किनाऱ्यावरचा, तोही समुद्रात घुसलेला. इंग्रज साहेब, अरबी समुद्रावरचा किल्ला आणि सूर्यग्रहण अशी सांगोवांगी दोन आठवणी एकमेकींत मिसळायला फार वेळ लागत नाही.

आता प्रश्न उरतो तो परीक्षेचा आणि भाषणाचा. अलीकडे किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, मुलं जमतात, विज्ञानावर बोलणं होतं. ते बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. ती तारीख हेलियमच्या गोष्टीची सुरुवात म्हणून ठीकच आहे, आणि त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गावरून गेली हेही खरंच, ढगांवरून का होईना. पण ‘लॉकियरने १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ हे वाक्य मी माझ्या मुलांच्या वहीत ठेवत नाही. कुठल्याही जाणकाराने एक प्रश्न विचारला, की भाषण करणारं मूल उघडं पडतं, आणि मग १८९८ चं खरं असलेलंही कुणी ऐकत नाही. माझ्या मते, किल्ल्याला स्वतःचा दिवस हवा असेल तर तो २२ जानेवारी आहे. सहलीचा हंगामही तोच, आणि ऊनही असतं.

त्या मुलीने भाषण बदललं. सुरुवात तिने “आमच्या किल्ल्यावर साहेब आला, पण पावसाळ्यात नव्हे,” अशी केली. तिला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकाने मात्र नंतर तिच्याकडून तारखा लिहून घेतल्या.

करून बघण्यासारखं एक सांगतो. जुनी सी.डी. घ्या, तिच्या चकचकीत बाजूवर खोलीतल्या दिव्याचा प्रकाश तिरपा पडू द्या. एल.ई.डी. दिवा, जुनी नळी आणि मेणबत्ती यांचे पट्टे वेगवेगळे दिसतील. नळीच्या पट्ट्यात काही रंग इतरांपेक्षा ठळक दिसतात. घरातलं मोठं कुणी सोबत असेल तरच गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून त्या पिवळ्याचाही पट्टा बघा. आणि सूर्याकडे सी.डी. रोखून किंवा काळ्या काचेतून, एक्स-रेच्या फिल्ममधून बघायचं नाही. ग्रहण असो वा नसो. त्यासाठी प्रमाणित ग्रहण-चष्माच लागतो.

आपल्याकडे दिसणारं एक सूर्यग्रहण आता २ ऑगस्ट २०२७ ला आहे. खग्रास पट्टा उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून जातोय. आपल्याला दुपारनंतर खंडग्रास दिसू शकेल. पंचांगात बघा, ती आषाढातली अमावास्या आहे, दिव्यांची अवस. म्हणजे पुन्हा भर पावसाळा. चष्मे आणून ठेवू, आणि छत्र्याही.